बिलिंग्स आणि मंडळींच्या स्तोत्रचाली: चाल टेनरकडेच ठेवायची का?

स्वरवेडी

नमस्कार मंडळी,

इथे पाश्चात्त्य संगीतावर धागे निघतात ते बहुतेक बाख, मोत्सार्टचे. मला जरा आडवाटेचा विषय काढायचा आहे. अठराव्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात बायबलमधल्या स्तोत्रांसाठी चार आवाजांच्या चाली रचल्या गेल्या. साथीला वाद्य नाही, नुसते गळे. रचणारे लोकही कुणी दरबारी संगीतकार नव्हेत. विल्यम बिलिंग्स बॉस्टनमध्ये कातडी कमवायचा. लुइस एडसन लोहार, ऑलिव्हर होल्डन सुतार, टिमोथी स्वान टोप्या बनवणारा, आणि डॅनियल रीड न्यू हेवनचा कंगवे करणारा दुकानदार. १७७० मध्ये बिलिंग्सचं 'न्यू इंग्लंड साम सिंगर' निघालं. शंभराहून जास्त चाली आणि सगळ्या त्याच्या एकट्याच्या! त्याच्या आधी इथे छापलेल्या संग्रहांत बहुतेक इंग्लंडहून आलेल्या चाली असायच्या.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. आमच्या हौशी कॉयरने पुढच्या कार्यक्रमासाठी यातल्या काही चाली घेतल्या आहेत: बिलिंग्सची 'आफ्रिका', रीडची 'विंडहॅम', जेरेमाया इंगल्सची 'नॉर्थफील्ड'. आमच्या कंडक्टरबाईंनी दोन बदल सुचवलेत. मुळात मुख्य चाल टेनरकडे (पुरुषांचा वरचा आवाज) आहे, ती सोप्रानोला (बायकांचा वरचा आवाज) द्यायची. आणि जिथे स्वरमेळात नुसते षड्ज-पंचम आहेत तिथे गंधार भरायचा, कारण ऐकणाऱ्याला ते रिकामं वाटतं.

मला दोन्ही पटत नाही. तो मोकळा पंचम हाच या संगीताचा कणा आहे असं माझं मत आहे. गाणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी, सगळ्यांनी लिहा.

भैरवकुमार

विषय एकदम नवा आहे माझ्यासाठी. साम म्हणजे आपल्याकडच्या मराठी बायबलातली स्तोत्रसंहिता ना? मग त्यांना चाली इतक्या उशिरा, १७७० ला का लागल्या? प्युरिटन लोक तर दीडशे वर्षं आधीच तिथे पोचले होते.

स्वरवेडी

@भैरवकुमार, हो, तीच स्तोत्रसंहिता. ती गात होतेच ते. १६४० मध्ये केंब्रिजला (इथल्या, मॅसॅच्युसेट्सच्या) 'बे साम बुक' छापलं गेलं. इंग्रजी वसाहतींमध्ये छापलेलं ते पहिलं पुस्तक. पण त्यात फक्त पद्य होतं, नोटेशन नाही. चाली यायला १६९८ ची आवृत्ती उजाडली, आणि त्याही तेराच, दोन आवाजांच्या. तोवर लोक तोंडपाठ चालींवर गायचे. पुस्तकं कमी, वाचता येणारे कमी, म्हणून डीकन (चर्चचा सेवक) एक ओळ सांगायचा आणि मंडळी ती गायची.

टाळकरी

म्हणजे आपल्या भजनासारखंच की! बुवा ओळ सांगणार, टाळकरी मागून उचलणार. 🙂

अनवट

टाळकरी, ओळ सांगणं सारखं, पण पुढचं नाही. आपल्याकडे पखवाज आणि टाळ सगळ्यांना एका लयीत बांधून ठेवतात. तिथे चर्चमध्ये वाद्यांना बंदी. लय इतकी संथ झाली की जो तो आपापल्या जागी हवा तसा थांबायचा, हव्या तशा मुरक्या घ्यायचा. टॉमस वॉल्टर नावाच्या पाद्र्याने १७२१ मध्ये तक्रार केली की हे तर पाचशे वेगवेगळ्या चाली एकदम ओरडल्यासारखं वाटतं. त्याच सुमारास 'नियमाने गाणं' विरुद्ध 'जुनी रीत' असा मोठा वाद पेटला. नियमवाल्यांनी ठिकठिकाणी गानशाळा काढल्या. फिरते मास्तर गावात यायचे, शाळाघरात नाहीतर खानावळीत संध्याकाळचे वर्ग घ्यायचे, आणि तरुण मुलंमुली हौसेने जमायची. बिलिंग्स, रीड, इंगल्स सगळे या गानशाळांतूनच पुढे आलेले मास्तर. त्यामुळे या चाली मुळात शिकण्यासाठी आणि एकत्र गाण्यासाठी आहेत, हे धागाकर्तीच्या प्रश्नाला लागू पडतं.

(मला स्वतःला ती जुनी रीतही ऐकायला फार आवडते. केंटकीकडच्या डोंगरातले ओल्ड रेग्युलर बाप्टिस्ट अजून तशी गातात. वॉल्टरला काही वाटो.)

मिसळप्रेमी

तरुण मुलंमुली हौसेने जमायची ती गाण्यासाठीच ना? 😄

अनवट

गाण्यासाठी 'सुद्धा'. घरच्यांच्या परवानगीने संध्याकाळी बाहेर पडायची सोय होती ती.

समेवर

मी इकडे लंडनला एका कॉयरला शिकवतो, म्हणून कंडक्टरबाईंची बाजू मांडतो.

एक तर चाल वरच्या आवाजाला देण्यात नवीन काहीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कनेटिकटच्या अँड्र्यू लॉनेच ते सुरू केलं होतं. तोही गानशाळेचाच मास्तर. दुसरं, टेनर हा हौशी कॉयरमधला सगळ्यात दुबळा विभाग असतो. चार टेनर आणि पंधरा सोप्रानो असतील तर चाल बुडणार. ऐकणाऱ्याला मुख्य सूर सापडला नाही तर तो गोंधळतो. तिकीट काढून आलेल्या माणसाचाही काही हक्क आहे.

गंधार भरण्याबद्दल मात्र मी धागाकर्तीच्या बाजूने. तो भरू नये.

स्वरवेडी

@समेवर, लॉचा मुद्दा बरोबर आहे. पण तो कुठल्या बाजूने बोलत होता तेही बघा. त्याला युरोपची रुची श्रेष्ठ आणि आपली गावठी वाटायची. त्याच्यासारख्यांच्या आणि पुढे लोवेल मेसनच्या चळवळीमुळे बिलिंग्सचं संगीत न्यू इंग्लंडमधल्याच चर्चमधून बाहेर पडलं. ज्यांनी ते हद्दपार केलं त्यांचा दाखला ते कसं गावं यासाठी द्यायचा, हे मला रुचत नाही.

चाल बुडते म्हणता, तर मुळात ती फक्त पुरुष गायचे नाहीत. टेनरची ओळ बायकाही वरच्या सप्तकात गायच्या, आणि ट्रेबलची, म्हणजे सगळ्यात वरची, ओळ पुरुषही खालच्या सप्तकात. कागदावर चार आवाज, पण कानाला सहा. आमच्या पंधरा सोप्रानोंतल्या निम्म्या टेनरच्या ओळीवर बसवल्या की झालं. चाल जागची हलवायची गरजच उरत नाही.

समेवर

हे मान्य. दुप्पट करणं हा चांगला तोडगा आहे. पण मग सप्तकं एकमेकांत मिसळतात आणि आवाज जाड होतो, त्याला तुमच्या बाई तयार आहेत का ते विचारा. ज्याला 'स्वच्छ' कॉयर आवाज हवा आहे त्याला ते खटकणार.

अंतरा_गोवा

आमच्या गोव्यातल्या चर्चमध्ये चार आवाजांची मोतेतं (धार्मिक समूहगीतं) लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे कान तसा तयार आहे. हा धागा वाचून 'नॉर्थफील्ड' शोधून ऐकलं. पहिल्या दोन ओळी सगळे मिळून गातात. मग एकदम शांत, आणि बास (पुरुषांचा खालचा आवाज) एकटा सुरू होतो. त्याच्या मागून टेनर, मग ट्रेबल, शेवटी आल्टो (बायकांचा खालचा आवाज), आणि सगळे एकमेकांच्या अंगावर चढत शेवटाला पोचतात! एका मिनिटाच्या आत एवढं घडतं. पण शब्द एक कळला नाही. धार्मिक संगीतात शब्द कळायला नकोत का?

अनवट

@अंतरा_गोवा, हाच आक्षेप त्या काळातल्या सुधारकांनी घेतला होता. या प्रकाराला फ्यूगिंग ट्यून म्हणतात. नाव फ्यूगवरून असलं तरी बाखच्या फ्यूगशी तुलना करू नका. हा इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमधून आलेला, मोकळा प्रकार आहे. न्यू इंग्लंडच्या लोकांना त्याचं वेड लागलं आणि शेकड्यांनी अशा चाली रचल्या गेल्या. बिलिंग्सने त्याच्या बाजूने फार गोड लिहिलं आहे: प्रत्येक आवाज वरचढ व्हायला बघतो, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष आता बासकडे, आता टेनरकडे, आता ट्रेबलकडे ओढलं जातं.

शब्दांचं म्हणाल तर गाणाऱ्याला ते पाठ असायचे. पद्य बहुतेक वेळा इंग्रज स्तोत्रकार आयझॅक वॉट्सचं, घराघरांत असलेलं. शब्द दुसऱ्याला 'कळवायचे' नसतातच, स्वतः म्हणायचे असतात.

मिसळप्रेमी

'नॉर्थफील्ड'ची एक आख्यायिका वाचली होती. इंगल्सची व्हरमॉन्टमध्ये खानावळ होती. एकदा मासे पकडून भिजलेला, भुकेलेला घरी आला तर जेवण तयार नव्हतं. शेकोटीपाशी आडवा होऊन 'किती वेळ, अजून किती वेळ' असं स्वतःच्या शब्दांत गुणगुणायला लागला, आणि त्यातून ही चाल निघाली म्हणे. स्तोत्राचे शब्दही 'हे तारका, किती काळ' असेच सुरू होतात. खरं-खोटं माहीत नाही, पण भुकेल्या माणसाची ती घाई चालीत ऐकू येते बुवा.

भैरवकुमार

वा! खानावळवाला संगीतकार. अजून असे कोण आहेत?

अनवट

जस्टिन मॉर्गन. त्याची 'अमांडा' ही ९० व्या स्तोत्राची चाल जरूर ऐका, अगदी थोडक्यात काळजाला हात घालते. पण अमेरिकेत त्याचं नाव माहीत आहे ते घोड्यामुळे! मॉर्गन जातीचे घोडे ज्या एका घोड्यापासून आले तो याच मास्तरचा.

बिलिंग्स स्वतः एका डोळ्याने अधू, एक पाय आखूड, आणि तपकिरीचा भयंकर शौक. त्याच्या पहिल्या पुस्तकाचं मुखचित्र पॉल रिव्हिअरने कोरलं होतं. हो, स्वातंत्र्ययुद्धातला घोडेस्वार रिव्हिअर तोच, तो मुळात चांदीकाम करणारा. बिलिंग्सची 'चेस्टर' ही चाल युद्धात लोकांच्या तोंडी होती. शब्दही त्याचेच, जुलमी सत्तेच्या लोखंडी दंडाला ललकारणारे. आणि असा माणूस १८०० मध्ये कंगाल होऊन वारला. बॉस्टन कॉमनवर कुठेतरी पुरला आहे, थडग्यावर खूण नाही. त्याच्या चाली इतर प्रकाशकांनी भराभरा छापल्या आणि त्याला दमडी मिळाली नाही. १७७२ मध्ये त्याने हक्कासाठी विधिमंडळाकडे अर्ज केला होता. ठराव झाला, पण इंग्रज राजाच्या गव्हर्नरने सही केली नाही. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

सूरसंगत

मी शास्त्रीय गायन शिकते, म्हणून स्वरांबद्दल विचारते. हे लोक म्हणे 'फा सोल ला' म्हणून चार नावांत सात स्वर बसवायचे? कसं?

स्वरवेडी

@सूरसंगत ताई, हे तुम्हाला लगेच कळेल. आपला बिलावल घ्या.

सा रे ग म प ध नि
फा सोल ला फा सोल ला मी

सा-रे-ग मधली अंतरं आणि म-प-ध मधली अंतरं सारखीच आहेत ना? म्हणून नावंही तीच. राहिला नि, तो मी. आणि हा 'फा' पट्टीशी बांधलेला नाही, आपल्या षड्जासारखा हवा तिथे धरायचा. पुढे १८०१ मध्ये लिटल आणि स्मिथ यांनी 'ईझी इन्स्ट्रक्टर' काढलं आणि या चार नावांना चार आकार दिले: फा त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन, मी पत्त्यांतली चौकट. आकार बघून स्वर ओळखायचा, पट्टी मोजत बसायची गरज नाही. अजूनही 'सेक्रेड हार्प'वाले आधी फा-सोल-ला गाऊन घेतात आणि मग शब्द गातात.

सूरसंगत

अगदी स्पष्ट झालं, धन्यवाद! मग 'विंडहॅम' ऐकली. गंधार-निषाद कोमल. पण एका ध्वनिमुद्रणात धैवत कोमल लागतो आणि दुसऱ्यात, दक्षिणेतल्या जुन्या गायकांच्या, चक्क शुद्ध. म्हणजे एकात आसावरी आणि दुसऱ्यात काफी. छापील काय आहे?

अनवट

काय कान आहे! छापील कोमलच. पण दक्षिणेतले परंपरेने शिकलेले गायक अशा चालींत धैवत चढवतात. कागदावर खूण नसते, तो गळ्यातून गळ्यात आलेला आहे.

टाळकरी

'सेक्रेड हार्प' आणि 'दक्षिण' मध्येच कुठून आलं? आपण तर न्यू इंग्लंडमध्ये होतो.

स्वरवेडी

उत्तरेतल्या शहरांतून सुधारकांनी या चाली हाकलल्या, पण आकारांची पुस्तकं घेऊन फिरते मास्तर दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेले, आणि तिकडे त्या टिकल्या. 'द सेक्रेड हार्प' १८४४ चं, जॉर्जियातल्या व्हाइट आणि किंग यांचं. त्यात बिलिंग्स, रीड, इंगल्स सगळे आहेत, आणि सुधारून सुधारून ते पुस्तक आजही वापरात आहे. अलाबामातल्या कृष्णवर्णीय गायकांनी १९३४ मध्ये 'कलर्ड सेक्रेड हार्प' हे स्वतःचं पुस्तकही काढलं. गेल्या काही दशकांत ही गाणी फिरून उत्तरेत आलीत. आता नॉर्थॅम्प्टनच्या परिसरात चांगले गट आहेत.

मी अशा एका बैठकीला गेले होते, तिथलं सांगते. चौरसाच्या चार बाजूंना चार आवाज, तोंडं आत. मधल्या मोकळ्या जागेत ज्याची पाळी तो उभा राहून हाताने ताल देतो, वर-खाली, एवढंच. श्रोते नाहीत, टाळ्या नाहीत. पट्टी ठरवायला पियानो नाही, एक जाणती बाई गळ्यानेच सूर देते. माझी पाळी आली तेव्हा मी 'विंडहॅम' मागितली. शेवटचा स्वरमेळ लागला तेव्हा त्यात गंधार नव्हता, नुसते सा आणि प, पण इतक्या जोरात आणि इतके सुरेल की तंबोऱ्यात गंधार ऐकू यावा तसा तो मला हवेत ऐकू आला. म्हणून म्हणते, तो लिहून भरायची गरज नाही. पंचम सुरात लागला तर तो आपला आपण येतो. पियानोवर वाजवून बघितलं तर रिकामंच वाटणार.

समेवर

हा युक्तिवाद कंडक्टरबाईंना असाच सांगा. पण गंधार ऐकू यायचा तर कंप बंद करावा लागेल. ऑपेरासारखा कापरा आवाज लावला तर पंचम कधीच जुळणार नाही. सरळ, भरीव, छातीतला आवाज हवा.

नगरकर

थोडं विषयांतर, पण आमच्या गावाशी संबंध आहे म्हणून. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० ला स्थापन झालेल्या मिशनरी मंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. तेच पुढे अमेरिकन मराठी मिशन. अहमदनगरचं काम १८३१ चं. म्हणजे बिलिंग्सच्या मुलखातली माणसं आमच्याकडे आली होती. मग या फ्यूगिंग चाली मराठीत का आल्या नाहीत? आमच्या घरी 'उपासना संगीत' हा मराठी ख्रिस्ती गीतसंग्रह आहे, त्यात मला असं काही आढळलं नाही.

अनवट

@नगरकर, विषयांतर कसलं, छान प्रश्न आहे. माझा तर्क असा: ती माणसं निघाली तेव्हा सुधारकांचा जोर होता. शिकलेल्या पाद्र्यांना फ्यूगिंग चाली उथळ वाटू लागल्या होत्या. त्यामुळे त्यांच्यासोबत आलं ते शांत, एका लयीतलं, चाल वरच्या आवाजात असलेलं संगीत. आणि पुढे ना. वा. टिळकांनी तर दिशाच बदलली. अभंग, ओवी, पदं, आपल्या चाली. मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या छंदात गावं हे त्यांनी करून दाखवलं.

एक साम्य मात्र आहे. या अमेरिकन चालीही एका पद्याला बांधलेल्या नसतात. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचं कुठलंही पद्य त्या मापाच्या कुठल्याही चालीवर चढतं. म्हणूनच चालींना पद्याचं नाव नाही, बऱ्याचदा गावांची नावं आहेत: लेनॉक्स, ब्रिजवॉटर, ग्रीनिच. आपण एकच अभंग पाच चालींत म्हणतो तसंच ते.

नगरकर

धन्यवाद. आई टिळकांचं 'उपासना संगीत'मधलं पद म्हणते तेव्हा बाजूला पेटी असतेच. वाद्याशिवाय चार आवाज कसे लागतील ही उत्सुकता आहे.

अंतरा_गोवा

पण वाद्य अजिबातच नव्हतं का? कुठेतरी बास व्हायोलबद्दल (चेलोसारखं वाद्य) वाचलं.

अनवट

अठराव्या शतकाच्या अखेरीस काही चर्चमध्ये बासला आधार म्हणून ते आलं, आणि त्यावरूनही भांडणं झाली. त्याआधी १७१३ मध्ये टॉमस ब्रॅटल मरताना आपलं ऑर्गन ब्रॅटल स्ट्रीटच्या चर्चला देऊन गेला, तर त्यांनी ते नाकारलं! शेवटी ते किंग्ज चॅपलच्या अँग्लिकन मंडळींकडे गेलं.

स्वरवेडी

मंडळी, मूळ प्रश्नावर येते. तालमीनंतर बाईंशी बोलले. गंधार भरणं रद्द. त्यांनी स्वतः 'विंडहॅम'चा शेवट कंप काढून गाऊन घेतला आणि मग काही म्हणायची गरज राहिली नाही. चालीबद्दल असं ठरलं की 'नॉर्थफील्ड' आणि 'आफ्रिका' मध्ये ती टेनरकडेच राहणार, निम्म्या सोप्रानो तिच्यावर आणि दोन टेनर ट्रेबलवर. चौरसात उभं राहायला बाई तयार नाहीत, श्रोत्यांकडे पाठ होते म्हणून. अर्धवर्तुळावर तडजोड झाली. मला चौरसच हवा होता.

अडचण वेगळीच आली आहे. आमच्याकडे बास फार थोडे. बिलिंग्सने लिहून ठेवलंय की चाळीस गाणारे असतील तर वीस बास हवेत, बाकीचे वीस उरलेल्या आवाजांत वाटा. आमचं गणित बरोबर उलटं आहे.

समेवर

वीस कुणाकडेच नसतात. पट्टी एक स्वर वर घ्या, म्हणजे तुमचे काही टेनर बास गाऊ शकतील. मुळात पट्टी गाणाऱ्यांच्या सोयीनेच धरायचे, त्यात काही बिघडत नाही. आणि आल्टोंना सांगा की त्यांची ओळ नीरस वाटली तर रागावू नका. हे लोक आधी टेनर लिहायचे, मग बास, मग ट्रेबल, आणि आल्टो शेवटी, उरलेल्या जागेत.

मध्यसप्तक

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज खातं उघडलं. मी वूस्टरला असतो, बास गातो. नोटेशन सावकाश वाचतो पण कान बरा आहे. बाहेरच्यांना घेतात का? तालीम कुठल्या वारी असते?

स्वरवेडी

घेतात! मंगळवारी संध्याकाळी सात. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवला आहे. 'नॉर्थफील्ड'च्या दुसऱ्या भागात सुरुवात बासनेच करायची आहे, तेवढी ओळ पाठ करून या.